टोकनाला भोक का असतं?

नखाएवढी, पितळी रंगाची एक चकती. व्यास १६ मिलिमीटर. एका बाजूला कडेकडेने न्यूयॉर्क सिटी ट्रान्झिट ऑथॉरिटीचं नाव, मधे एन-वाय-सी ही तीन अक्षरं. उलटवली की 'गुड फॉर वन फेअर', म्हणजे एका भाड्यापुरती चालेल. भिंगाखाली धरल्यावर नजर आधी मधल्या 'वाय'वर जाते, कारण त्या अक्षराच्या आजूबाजूचा धातू कापून काढलेला आहे. चकती उजेडासमोर धरा, आरपार दिसतं. आणि नाण्यांची सवय असलेल्या डोळ्याला जरा वेळाने आणखी एक गोष्ट खटकते: किंमत कुठेच लिहिलेली नाही.

किंमत का नाही आणि भोक का आहे, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की जुनी प्रवासी टोकनं जमवणाऱ्यांचं वेड निम्मं कळलं. उरलेलं निम्मं कळत नाही, ते लागतं.

टोकन म्हणजे पैसा नव्हे. ती आगाऊ पैसे भरल्याची पावती आहे, फक्त कागदाऐवजी धातूची आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारी. बस, ट्राम किंवा भुयारी रेल्वे चालवणारी कंपनी ती आधी विकते, प्रवासी भाडेपेटीत टाकतो, कंपनी पेटी रिकामी करून तीच टोकनं परत खिडकीवर पाठवते. एकोणिसाव्या शतकात, घोडे ओढायचे त्या ट्रामगाड्यांच्या काळापासून ही पद्धत आहे. कंपन्यांना ती आवडायची त्याची कारणं अगदी व्यवहारी होती. कंडक्टरच्या हातात रोकड कमी खेळते, सुट्या पैशांची घासाघीस वाचते, आणि प्रवास व्हायच्या आधीच पैसे गल्ल्यात येतात. शिवाय विकलेलं प्रत्येक टोकन काही परत येत नाही. कोटाच्या खिशात, खणाच्या तळाशी, मुलांच्या खेळण्यांत ती हरवत राहतात. हरवलेलं टोकन म्हणजे न दिलेल्या सेवेचं मिळालेलं भाडं. आज संग्राहकांच्या अल्बमात जे बसलंय, ते एका अर्थी त्या कंपन्यांचा निव्वळ नफा आहे.

पण यातली खरी मेख कळायला न्यूयॉर्कची गोष्ट सावकाश ऐकायला हवी.

तिथली भुयारी रेल्वे २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झाली. भाडं पाच सेंट. पाच सेंटचं एक नाणं असतंच, त्यामुळे टोकनाची गरज कुणाला पडली नाही. पुढे फिरत्या दांड्यांची फाटकं, म्हणजे टर्नस्टाइल आली, तीही हेच नाणं गिळायची. हे भाडं १९४८ पर्यंत, तब्बल ४४ वर्षं तसंच राहिलं. दोन महायुद्धं होऊन गेली, भाडं हललं नाही. १९४८ च्या जुलैत ते एकदम दुप्पट झालं, दहा सेंट. तरी अडचण नव्हती, कारण दहा सेंटचंही नाणं होतं. फाटकांतली यंत्रं बदलली की झालं.

घोडं अडलं ते १९५३ साली. भाडं पंधरा सेंट ठरलं आणि पंधरा सेंटचं नाणं अमेरिकेत नव्हतं. एकामागून एक दोन वेगवेगळी नाणी मोजून फाटक सोडणं त्या यंत्रांना जमणारं नव्हतं. त्यांना एक फट, एक चकती, एक धक्का एवढंच कळायचं. मग नाणं नाही तर आपणच चकती पाडू, असं ठरलं आणि २५ जुलै १९५३ पासून वर वर्णन केलेलं ते छोटं वाय-कापाचं टोकन चालू झालं.

आता किंमत न लिहिण्यातली गंमत बघा. टोकनावर 'पंधरा सेंट' लिहिलं असतं तर पुढच्या भाडेवाढीला ते सगळं वितळवावं लागलं असतं. 'एक भाडं' लिहिल्यामुळे टोकन तेच राहिलं, फक्त खिडकीवरची पाटी बदलली. १९६६ साली भाडं वीस सेंट झालं, टोकन तेच. १९७० मध्ये तीस सेंट झालं तेव्हा मात्र टोकन बदललं: २३ मिलिमीटरचं, मोठ्या वाय-कापाचं. या टोकनाने १९७२ चं पस्तीस सेंटचं आणि १९७५ चं पन्नास सेंटचं भाडंही पाहिलं. १९८० मध्ये पुन्हा नवं, या वेळी भोक नसलेलं सबंध पितळी. त्या वेळी ते साठ सेंटला मिळायचं, १९८१ पासून पंचाहत्तरला आणि १९८४ पासून नव्वदला.

म्हणजे १९८० साली ज्याने साठ डॉलर मोजून शंभर टोकनं घरात ठेवली, त्याच्याकडे १९८४ साली नव्वद डॉलरचा प्रवास होता. सोन्यात पैसे घालणारे हे गणित लगेच ओळखतील. न्यूयॉर्ककरांनीही ओळखलं. भाडेवाढीची कुणकुण लागली की खिडकीपुढे रांगा, आणि मग एका माणसाला मोजकीच टोकनं देण्याचे नियम. साठेबाजीवरचा जालीम उपाय एकच होता: टोकनाचा आकारच बदलायचा, म्हणजे जुनी साठवलेली फाटकाच्या फटीत बसणारच नाहीत. तेव्हा एखाद्या शहराची टोकनं ओळीने मांडली तर ती नुसती नक्षीची हौस नसते. बहुतेक प्रत्येक बदलाच्या मागे भाडेवाढ, साठा किंवा लबाडी यांपैकी काहीतरी असतं. माझ्या मते या छंदातलं सगळ्यात चवदार प्रकरण लबाडीचंच आहे.

फाटकाच्या पोटात जी यंत्रणा असते ती नाणं वाचत नाही, तिला माणसासारखे डोळे नसतात. ती फक्त मापं काढते. फट ठराविक रुंदीची, त्यामुळे जाड किंवा मोठी चकती आतच शिरत नाही. पुढे एक तोलणारा पाळणा, हलकी चकती तिथेच अडकते किंवा भलतीकडे घसरते. त्यापुढे अनेक यंत्रांत चुंबक. लोखंडी वॉशर टाकला तर तो चुंबकाला चिकटतो. तांब्या-पितळेची चकती चिकटत नाही, पण चुंबकाजवळून घरंगळताना तिच्यात क्षणभर वीज फिरते आणि ती वीज तिलाच मागे ओढते, त्यामुळे तिचा वेग थोडा कमी होतो. किती कमी होतो हे धातूवर ठरतं. योग्य वेगाने आलेली चकती पुढच्या खाचेत उडी मारते, बाकीच्या परतीच्या खणात. एवढ्या चाळण्या ओलांडायच्या म्हणजे नकली चकतीचा व्यास, जाडी, वजन आणि धातू चारही जमायला हवेत.

आणि नेमके ते जमले, तेही कुणी नकली न पाडता. शेजारच्या कनेटिकट राज्यात एक टोलचा हमरस्ता होता, त्याचं टोकन साडेसतरा सेंटला मिळायचं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लोकांच्या लक्षात आलं की मापाने आणि वजनाने ते न्यूयॉर्कच्या टोकनाचं जुळं भावंड आहे. पंचाहत्तर सेंटच्या जागी साडेसतरा! भुयारी रेल्वेच्या पेट्यांत कनेटिकटची टोकनं लाखांनी सापडू लागली. दोन्ही सरकारी यंत्रणांत तीन वर्षं तू तू मैं मैं चाललं. कनेटिकटने टोकन बदलायचं आधी कबूल केलं, मग शब्द फिरवला. शेवटी १९८५ मध्ये कनेटिकटने आपले टोलच बंद केले आणि सुंठीवाचून खोकला गेला. तोपर्यंत न्यूयॉर्कने वीस लाखांहून अधिक टोकनं गोळा केली होती. ती कनेटिकटने परत घेतली, दर नग साडेसतरा सेंटने. संग्रहात ही दोन टोकनं शेजारी शेजारी ठेवायची असतात. वेगवेगळी ठेवली तर काही अर्थ नाही, जोडी लावली की भांडण दिसतं.

लगेच १९८६ साली न्यूयॉर्कने बाहेर पितळ आणि मधे पांढऱ्या धातूचा गोल तुकडा असलेलं टोकन आणलं. त्याला 'बुल्सआय' म्हणतात. दोन धातू एकत्र आले की वजन, वेग, विजेचं वागणं या सगळ्याची सही बदलते. साध्या पत्र्यातून पाडलेल्या चकतीला ती सही करता येत नाही. टोरांटोही याच वाटेने गेलं, फक्त उशिरा. तिथलं हलकं अॅल्युमिनियमचं टोकन नकली पाडणाऱ्यांच्या फारच पथ्यावर पडलं होतं, म्हणून २००६ मध्ये तिथेही दोन धातूंचं टोकन आलं.

एका लबाडीला मात्र धातू बदलून उपाय नव्हता. चोर फाटकाच्या फटीत कागदाचा बोळा कोंबायचा. प्रवासी टोकन टाकायचा, ते अर्ध्यात अडकायचं, फाटक उघडायचं नाही, वैतागून तो दुसऱ्या फाटकाकडे जायचा. मग चोर येऊन फटीला तोंड लावायचा आणि टोकन चक्क ओढून काढायचा. हजारो लोकांचे हात लागलेल्या त्या फटीला! पकडायला गेलं तर टोकन तोंडात. काही स्टेशनांवरचे कर्मचारी फटींवर तिखटाची पूड भुरभुरायचे. खाई त्याला खवखवे, ही म्हण इतक्या शब्दशः दुसरीकडे कुठे लागू पडली असेल असं वाटत नाही.

आता भोकाकडे वळू. भोक पाडण्याचं पहिलं कारण हेच की टोकन नाण्यात मिसळू नये. खिशात हात घातला की न बघता बोटांना कळावं. बस किंवा ट्राममध्ये भाडेपेटीला काच असायची आणि चालक एका नजरेत आत पडलेलं बघायचा. गोल भोक म्हणजे मोठ्या माणसाचं भाडं, चौकोनी भोक किंवा वेगळा रंग म्हणजे शाळकरी मुलाचं, असं एखादी कंपनी ठरवायची. दुसरी अगदी उलटंही ठरवू शकायची. कापातून शहराचं आद्याक्षर निघालं की ओळख आणि जाहिरात दोन्ही साधायच्या. शिवाय नेमका कापलेला आकार हुबेहूब उतरवणं हौशी नकलाकाराला अवघड जातं. न्यूयॉर्कने १९७९ मध्ये भुयारी रेल्वेच्या पंचाहत्तरीला हिऱ्याच्या आकाराचा काप दिला, ती मात्र सरळसरळ हौस. १९९५ च्या शेवटच्या टोकनात पंचकोनी भोक होतं, शहराचे पाच विभाग म्हणून.

प्रत्येक देशात टोकन याच कारणाने आलं असं नाही. मॉस्कोच्या मेट्रोत १९६१ पासून फाटकं पाच कोपेकचं नाणं घ्यायची आणि तीस वर्षं भाडं तेवढंच होतं. टोकन कशाला हवं? सोव्हिएत संघ कोसळला, महागाई उसळली, आणि १९९२ मध्ये तिथे टोकन आलं. आधी धातूचं, मग प्लास्टिकचं. १९९९ उजाडताना ते गेलंसुद्धा. भाव स्थिर असेपर्यंत नाणं पुरतं. तो पळायला लागला की किंमत न लिहिलेली चकती बरी पडते. न्यूयॉर्क आणि मॉस्को, एवढ्या दोन टोकांच्या व्यवस्था, पण फाटकाशी दोघींची अडचण एकच.

पहिल्या महायुद्धातल्या आणि नंतरच्या जर्मनीत बरोबर उलटं झालं. तिथे धातू युद्धाकडे गेला, लोकांनी उरलेली चिल्लर दडवली, आणि ट्राम कंपन्यांवर स्वतःचे सुटे पैसे पाडायची वेळ आली. लोखंड, जस्त, अॅल्युमिनियम, जे हाताशी असेल त्यातून. त्यांच्यावर बहुधा फेनिगमध्ये, म्हणजे जर्मन सुट्या पैशांत, रक्कम लिहिलेली असते, कारण ती फेरीची पावती कमी आणि नाण्याची बदली जास्त होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तांब्याची चणचण झाली तेव्हा दाबलेल्या तंतूंची, पुठ्ठ्यासारखी वाटणारी टोकनं निघाली. ब्रिटनमधल्या ट्राम कंपन्यांनी सेल्युलॉइडची, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या प्लास्टिकची, रंगीत टोकनं काढली, पोस्टमनसाठी, शाळकरी मुलांसाठी, आपल्याच नोकरांसाठी. ही रंगीत टोकनं मला फार देखणी वाटतात, आणि सगळ्यात जास्त डोकेदुखीही त्यांचीच आहे. ती का, ते पुढे येईल.

हा पसारा लावायचा कसा? अमेरिकेत १९४८ साली अमेरिकन व्हेक्चरिस्ट असोसिएशन नावाची संस्था निघाली. 'व्हेक्चरिस्ट' हा शब्द लॅटिन 'व्हेक्चुरा'वरून केलेला आहे, त्याचा अर्थ वाहून नेणं किंवा त्याचं भाडं. तिच्या मासिकाचं नाव 'द फेअर बॉक्स', म्हणजे भाडेपेटी. अमेरिका आणि कॅनडाच्या टोकनांची जी सूची संग्राहक वापरतात, तिला दोन संकलकांच्या आडनावांवरून अॅटवुड-कॉफी म्हणतात. पद्धत सोपी आहे. आधी राज्याची आद्याक्षरं, मग शहराचा ठरलेला क्रमांक, मग त्या शहरातल्या टोकनाचं अक्षर. न्यूयॉर्क शहर म्हणजे एनवाय ६३०, आणि पुढच्या अक्षरांवरून कुठलं टोकन ते. नवख्याला हे टपाल खात्याच्या वहीसारखं कोरडं वाटतं. पण यामुळेच दोन टोकांना बसलेले दोघे संग्राहक चित्र न पाठवता चार अक्षरांत अदलाबदल ठरवू शकतात. या छंदात विकत घेण्याइतकीच अदलाबदल चालते.

सुरुवात करणाऱ्याने जुन्या वस्तू आणि नाणी विकणाऱ्यांकडचा 'किरकोळ' लिहिलेला डबा बघावा. नाणं नाही, बिल्ला नाही, अशा वस्तू तिथेच टाकलेल्या असतात. सगळं जग जमवायला जाऊ नये. एक शहर, एक काळ, एक धातू किंवा नुसती अक्षर-कापाची टोकनं, असं काहीतरी कुंपण घालून घ्यावं. आणि जुनं म्हणजे दुर्मीळ, हा समज आधी काढून टाकावा. मोठ्या शहराचं शंभर वर्षांचं टोकन ढिगाने मिळतं, कारण ते ढिगाने पाडलं होतं. दोन वर्षांत बुडालेल्या खेड्यातल्या बस कंपनीचं चाळीस वर्षांपूर्वीचं टोकन मिळता मिळत नाही. किती पाडली यापेक्षा किती उरली ते महत्त्वाचं. कंपनी बंद होताना भंगारात वितळवली गेली असतील तर लाख पाडलेलीही दुर्मीळ होतात.

झिजेचंही तसंच. नाणेवाले चकचकीत, न वापरलेल्या नगासाठी जीव टाकतात. टोकनं मात्र वापरून वापरून गुळगुळीत झालेली असणारच. न्यूयॉर्कमध्ये पेट्यांतली रोकड आणि टोकनं गोळा करायला रात्री एक खास गाडी फिरायची, १९५१ ते २००६. टोकन फाटकात पडायचं, पोत्यात जायचं, मोजलं जायचं, पुन्हा खिडकीवर यायचं. अशा किती फेऱ्या झाल्या ते कडेवर हात फिरवला की जाणवतं.

म्हणूनच टोकन घासू नये. हे मी वाचलं होतं आणि तरी घासलं. पहिल्यांदा हाती आलेलं एक काळपट पितळी टोकन भांडी उजळायच्या पावडरने पाच मिनिटांत सोन्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी भिंगातून पाहिलं तर सगळीकडे केसासारखे ओरखडे आणि अक्षरांच्या कडा बोथट. तो काळपटपणा म्हणजे मळ नव्हता, हवेशी झालेल्या संगतीने धातूवर धरलेली साय होती, आणि खालच्या धातूला तीच जपत होती. फार तर कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवावं, टिपून घ्यावं, थांबावं. जस्ताच्या टोकनाला तर पाणीही कमीच लावावं, त्यावर पांढरी भुकटी धरायला वेळ लागत नाही.

ठेवण्याची जागाही निवडून घ्यावी लागते. स्वस्त, मऊ, लवचिक प्लास्टिकची पाकिटं बहुधा पीव्हीसीची असतात. ती हळूहळू रसायन सोडतात आणि तांब्या-पितळेवर हिरवा चिकट थर चढतो. मायलरची, म्हणजे पातळ पारदर्शक पॉलिएस्टरची, खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकट चांगली. आता सेल्युलॉइडची डोकेदुखी. जुनं सेल्युलॉइड आतूनच कुजतं आणि कुजताना आम्ल वायू सोडतं, त्याने शेजारची धातूची टोकनंही खराब होतात. काळ्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे कडक केलेल्या रबराच्या टोकनांत गंधक असतं, ते चांदी-तांब्याला काळं करतं. म्हणून ही मंडळी वेगळ्या, हवेशीर डबीत ठेवावीत. सुंदर आहेत म्हणून सगळ्यांच्या मधोमध मांडू नयेत.

बाकी टोकनाचा अंत सगळीकडे सारखाच झाला, कार्ड आलं. शिकागोत १९९९ मध्ये, न्यूयॉर्कच्या फाटकांतून मे २००३ मध्ये, बॉस्टनमध्ये २००६ मध्ये. टोरांटोने २०१९ मध्ये विक्री थांबवली. फिलाडेल्फियाने २०१८ मध्ये विकणं बंद केलं, पण आधी घेतलेली टोकनं जानेवारी २०२४ पर्यंत चालत होती. दिल्ली, बँकॉक, तैपेई इथल्या मेट्रोंनी चिप असलेली प्लास्टिकची टोकनं वापरली, पण त्यांची जात वेगळी. जायचं कुठे हे त्यांच्या पोटात लिहिलेलं असतं आणि बाहेर पडताना फाटक ती गिळून टाकतं. त्यांच्यात किंमत लपलेली असते, नसते असं नाही.

ज्या टोकनावर गावाचं नावच नाही त्याला संग्राहक 'मॅव्हरिक' म्हणतात, कळप चुकलेलं वासरू. माझ्या डबीत एक आहे. अॅल्युमिनियमचं, हलकं, एका बाजूला कंपनीची तीन आद्याक्षरं आणि दुसऱ्या बाजूला तीच ओळ, एका भाड्यापुरतं चालेल. त्या अक्षरांच्या कंपन्या सूचीत चार सापडतात आणि चौघींच्या टोकनांचा धातू वेगळा. कडेला एक चर गेलाय, बहुतेक कुणीतरी त्याने स्क्रू फिरवायचा प्रयत्न केला असावा. भोक मात्र अगदी मधोमध आहे, नीट पाडलेलं, चौकोनी.